‘त्यांच्या घरात वेड आहे’ : मेंदूतील श्वेतद्रव्य काय सांगते?



भांडुपहून ठाणे तिसरे स्टेशन. गाडी वेळेवर असली तर दहाबारा मिनिटांचा प्रवास. परंतु आपल्या वस्तीत कोणी रागाने म्हणाले की, “ह्याला आता ठाण्याला पाठवा,” तर तो प्रवास फार लांबचा असतो, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ठाण्यात १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे. रोग्यांवर उपचार करणारी ती संस्था. पण आपण त्या गावाचे नाव शिवीसारखे वापरतो. आणि ही शिवी एकट्या रोग्याला लागत नाही. बहिणीचे जमत आलेले लग्न मोडते, धाकट्या भावाची नोकरी अडते, वहिनीच्या माहेरी कुजबुज सुरू होते. “त्यांच्या घरात वेड आहे” एवढे एक वाक्य त्याला पुरते.

आज आम्हांला ह्या एका वाक्याचीच तपासणी करावयाची आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या गेटवर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण अलीकडे कचेरीत येणारे कामगार बंधू एक नवाच प्रश्न विचारू लागले आहेत. “स्किझोफ्रेनियात मेंदूच्या तारांत फरक दिसतो म्हणे. मग मुलाचा एम.आर.आय. काढला तर आधीच कळेल का? मुलगी द्यायच्या आधी मुलाकडच्यांचा काढायला सांगावा का?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे शोधले पाहिजे.

प्रथम आजाराविषयी. स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता हा शब्द रूढ झाला आहे. मूळ नाव झुरिकचे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनी १९०८ साली दिले. त्या नावामुळे पुष्कळांचा असा ग्रह होतो की, ह्या आजारात एकाच देहात दोन माणसे राहतात. तसे काही नाही. विचार, भावना आणि कृती ह्यांची जी सांगड एरवी आपोआप बसलेली असते, ती सुटते, असा त्या नावाचा आशय. रोग्याला कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात. शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत अशी पक्की समजूत होते. बोलण्याचा धागा तुटतो. दुसरी बाजू अधिक गुपचूप येते. माणूस कोपऱ्यात बसू लागतो, आंघोळ टाळतो, कामावर जाईनासा होतो, आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. बहुधा हे सारे ऐन उमेदीत, अठरा ते तिशीच्या आसपास सुरू होते. शंभर माणसांत सुमारे एकाला आयुष्यात केव्हा तरी हा आजार होतो. आपल्या देशात २०१५-१६ मध्ये बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत पाहणी केली. ह्या जातीच्या तीव्र मानसिक आजारांच्या चार रोग्यांपैकी तिघांना उपचार मिळतच नव्हते, असे तीत आढळले.

आता मेंदूच्या तारांकडे वळू. मेंदूचा काप घेतला तर दोन रंग स्पष्ट दिसतात. बाहेरचा वळ्यावळ्यांचा थर करड्या रंगाचा. त्याला करडे द्रव्य म्हणतात. आतला मोठा भाग पांढरट, ते श्वेतद्रव्य. कारखान्याचीच भाषा वापरायची तर करडा भाग म्हणजे यंत्रे आणि पांढरा भाग म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेल्या केबली. मेंदूतल्या पेशीपासून एक लांब तंतू निघतो आणि दूरच्या पेशीपर्यंत निरोप नेतो. असे असंख्य तंतू जुडग्यांनी धावत असतात. त्यांवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेटोळे बसलेले असते. त्या चरबीमुळेच हा भाग पांढरा दिसतो.

वायरवरचे प्लॅस्टिक वीज बाहेर गळू देत नाही. मायलिन त्याहून मोठे काम करते : ते निरोपाचा वेग वाढवते. आवरण नसलेल्या तंतूतून निरोप सेकंदाला एखादा मीटर जातो. जाड आवरणाच्या तंतूतून तो शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो. वेगाचे महत्त्व काय, हे असेंब्ली लाइनवर काम केलेल्याला सांगायला नको. पुढचा सुटा भाग क्षणभर उशिरा आला, तर भाग चांगला आणि कारागीरही चांगला असून जोडणी चुकते. मेंदूतही वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेले निरोप ठरल्या वेळी एकत्र यावे लागतात. काही संशोधकांचा एक तर्क असा आहे : आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा मेंदूचा एक भाग दुसऱ्याला आगाऊ वर्दी देतो की, “हा आवाज आपलाच आहे.” ती वर्दी वेळेवर पोचली नाही, तर स्वतःचाच विचार परक्याच्या आवाजासारखा भासेल. हा तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु रोग्याला ऐकू येणारे आवाज म्हणजे ‘नाटक’ आहे असे म्हणणाऱ्यांनी तो जरूर लक्षात घ्यावा.

आणखी एक गोष्ट. श्वेतद्रव्य जन्मतःच तयार झालेले नसते. मायलिन चढण्याचे काम जन्माआधीच सुरू होते, आणि मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणाऱ्या मार्गांत ते विशी उलटेपर्यंत चालू राहते. म्हणजे ज्या वयात हा आजार डोके वर काढतो, त्याच वयात हे बांधकामही पुरे होत असते. म्हणून संशोधकांचे लक्ष ह्या भागाकडे गेले. तशी शंका जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीच्या कार्ल व्हेर्निके ह्यांनी, वेडात मेंदूतील जोडणारे तंतू तुटत असावेत, असे सुचवले होते. पण जिवंत माणसाच्या मेंदूत ते पाहण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते.

ते साधन १९९४ नंतर हाती आले. पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी एम.आर.आय. यंत्राच्या मदतीने पाण्याच्या कणांची हालचाल मोजण्याची एक रीत मांडली. मेंदूत सर्वत्र पाणी आहे, आणि त्याचे कण सतत इकडून तिकडे हलत असतात. मैदानात पांगलेली गर्दी चारी दिशांना जाते. तीच गर्दी भांडुप स्टेशनच्या पुलावर चढली की पुलाच्या लांबीच्या दिशेनेच सरकू शकते, कारण दोन्ही बाजूंना कठडे असतात. तंतूंच्या जुडग्यातील पाण्याचेही तसेच. ते तंतूच्या लांबीच्या दिशेने अधिक सरकते, आडवे कमी. ही एकदिशा किती पक्की आहे, हे शून्य ते एक ह्यांमधील एका आकड्याने सांगतात. आकडा एकाच्या जवळ म्हणजे कठडे मजबूत. शून्याकडे झुकला म्हणजे गर्दी पांगते आहे.

परंतु आकडा कमी का झाला, हे तो आकडा सांगत नाही. मायलिन कमी असेल, तंतू पातळ असतील, दोन जुडगी तेथे एकमेकांना छेदत असतील किंवा तंतूंच्या मधल्या जागेत पाणी वाढले असेल. रोगी यंत्रात थोडा हलला तरी माप बिघडते. वयाचा आणि विडीसिगारेटचाही त्यावर परिणाम होऊ शकतो.

इतक्या अटी सांभाळून काय आढळले? पहिली अनेक वर्षे लहानलहान पाहण्या झाल्या आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. मग एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने २९ ठिकाणची मापे एकाच पद्धतीने तपासून २०१८ साली प्रसिद्ध केली. एकूण ४,३२२ माणसे. त्यांत १,९६३ रोगी आणि २,३५९ निरोगी. मेंदूतील २५ मार्गांपैकी २० मार्गांत रोग्यांचा सरासरी आकडा कमी भरला. जास्त फरक मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणाऱ्या तंतूंत आणि उजव्या-डाव्या अर्धांना जोडणाऱ्या जाड पुलात दिसला. औषधाच्या मात्रेशी त्याचा संबंध आढळला नाही. म्हणजे एखाद्या जागची एक तार तुटली, असा हा आजार नव्हे; साऱ्या जाळ्यातच थोडाथोडा फरक आहे.

येथे ‘सरासरी’ आणि ‘थोडाथोडा’ ह्या दोन शब्दांवर आम्ही मुद्दाम जोर देतो, कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यांत आहे. समजा, एका गावचे पुरुष दुसऱ्या गावच्या पुरुषांपेक्षा सरासरीने एक इंच उंच आहेत. हजारो माणसे मोजली तर हा फरक खात्रीने सिद्ध होईल. पण समोर उभ्या असलेल्या एका माणसाची उंची पाहून तो कोणत्या गावचा, हे सांगता येईल काय? श्वेतद्रव्यातील फरक साधारण ह्याच मापाचा आहे. एक रोगी आणि एक निरोगी अशा शंभर जोड्या लावल्या, तर सुमारे ६२ जोड्यांत निरोगी माणसाचा आकडा मोठा निघेल, आणि उरलेल्या ३८ जोड्यांत रोग्याचाच मोठा असेल. नाणे उडवून ५० बरोबर येतात, येथे ६२. एवढ्या भरवशावर कोणाच्या मुलीचे लग्न मोडायचे? ह्या आजाराचे निदान आजही डॉक्टर रोग्याशी आणि घरच्यांशी बोलून, लक्षणे पाहून करतात. एम.आर.आय. काढलाच तर तो मेंदूत गाठ किंवा दुसरा एखादा आजार नाही ना, एवढे पाहण्यासाठी.

आता घराण्याचा प्रश्न. हा आजार काही घरांत अधिक दिसतो, हे खरे आहे. ते लपवून उपयोग नाही. पण किती अधिक, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. डेन्मार्कमध्ये सुमारे २७ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१० साली जो हिशेब मांडला गेला, तो असा : आईवडील दोघेही ह्या आजारापासून मुक्त असतील, तर शंभर मुलांत एकालाही पुरते होत नाही. दोघांपैकी एकाला असेल तर शंभरात ७ मुलांना. दोघांनाही असेल तर २७. म्हणजे एका पालकाला आजार असूनही शंभरातील ९३ मुलांना तो होत नाही. उलट बाजूने पाहिले, तर आईवडिलांपैकी कोणालाच हा आजार नाही, अशाच रोग्यांची संख्या जास्त आहे. ज्या घरात आजवर कोणी रोगी नव्हता, तेथेही तो येतो.

घरात एकत्र राहिल्याने हा आजार लागतो की रक्तातून येतो, हा वादही जुना. अमेरिकेत लिओनार्ड हेस्टन ह्यांनी १९६६ मध्ये अशा ४७ माणसांची तपासणी प्रसिद्ध केली, ज्यांना जन्मतःच आजारी आईपासून दूर नेऊन दुसरीकडे वाढवले होते. त्यांपैकी ५ जणांना आजार झाला. तुलनेच्या ५० जणांत एकालाही नाही. तेव्हा रक्ताचा वाटा आहे. तथापि रक्त म्हणजे सर्वस्व नव्हे. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत सारे आनुवंशिक द्रव्य सारखे असते. तरी डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात, जुळ्यांपैकी एकाला हा आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण ३३ टक्के भरले. रक्त तेच, पण शंभरातील ६७ बचावले. मातेच्या गरोदरपणातील व बाळंतपणातील अडचणी, कोवळ्या वयातील गांजा, लहानपणीचे हाल, गाव सोडून परमुलखात काढलेले दिवस, ह्यांचाही आजारात वाटा असतो. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्यांना ही यादी परकी वाटणार नाही.

आणि रक्तातही एखादा ‘वेडाचा अंश’ दडलेला नसतो. सुमारे ७६ हजार रोग्यांची तपासणी करून २०२२ साली आनुवंशिक द्रव्यातील २८७ जागा शोधण्यात आल्या. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी बारीक. आणि ते बारीक फरक थोडेफार तुम्हांआम्हां सर्वांत असतात. कोणाच्या वाट्याला ते अधिक येतात, कोणाच्या कमी. ‘डाग असलेले घर’ आणि ‘शुद्ध घर’ अशी भिंत निसर्गाने कोठेही बांधलेली नाही.

मग रोग्याच्या निरोगी भावाबहिणींच्या मेंदूत काय दिसते? काही अभ्यासांत त्यांचा आकडा रोगी आणि इतर लोक ह्यांच्या मधोमध कोठे तरी येतो. काही अभ्यासांत इतरांहून वेगळा दिसतच नाही. जेथे फरक दिसला, तेथेही तो रोग्यांतल्यापेक्षा लहान. शास्त्रज्ञांना ह्यात रस आहे, कारण आजार किंवा औषध ह्यांच्या आधीपासून काय असते, त्याचा माग ह्यांतून लागतो. पण आपल्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. ही भावंडे कामावर जातात, संसार करतात, मुले वाढवतात. म्हणजे मेंदूत असा फरक असूनही माणूस धडधाकट राहू शकतो.

समाजाला दोषी शोधण्याची खोडच असते, आणि शास्त्राच्या नावानेही ती खोड चालते. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रीडा फ्रॉम-राइशमन ह्या विदुषीने, मुलात हा आजार उत्पन्न करणारी ‘आई’ असते, अशा अर्थाचा शब्द वापरला. पुढे कित्येक वर्षे आजारी मुलांच्या आयांना डॉक्टरांपुढे आरोपीसारखे बसावे लागले. लंडनमध्ये १९७६ साली ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांच्या मेंदूतील पोकळ्या मोठ्या झाल्याचे छायाचित्रांत दाखवले, आणि हा मेंदूचा आजार आहे हे मानणे भाग पडू लागले. आई सुटली. पण सावध राहिले नाही, तर त्याच पिंजऱ्यात आपण आता सारे कुटुंब उभे करू, आणि पुरावा म्हणून एम.आर.आय.चा फोटो दाखवू.

हे आम्ही कल्पनेने बोलत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. मोठा भाऊ ह्या आजाराने दीर्घ रजेवर होता. धाकट्याची उमेदवारी पुरी झाली, काम उत्तम, हजेरी चोख. पण कायम करायच्या यादीतून नाव गळले. कागदावर कारण नाही. तोंडी सांगितले ते एवढेच : “घरात आहे ना त्यांच्या.” तोंडी कारणाशी लढणे फार कठीण, हे संघटनेत काम केलेल्यांना माहीत आहे.

हाँगकाँगमध्ये असेच कारण कोर्टापुढे आले. तेथील अग्निशमन आणि सीमाशुल्क खात्यांनी तीन तरुणांना नोकरी नाकारली किंवा नोकरीतून काढले. तिघांच्याही आईवडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया होता. तिघे स्वतः ठणठणीत. खात्यांचे म्हणणे, काम धोक्याचे, लोकांच्या जिवाचा प्रश्न. तज्ज्ञांनी संभवाचे आकडे कोर्टापुढे मांडले आणि २००० साली निकाल तरुणांच्या बाजूने लागला. शंभरात पाचसात अशा संभवाने माणसाचा घास काढायचा, तर घरात हृदयविकार असलेल्या कोणालाही बसवर ड्रायव्हर म्हणून घेता येणार नाही.

विवाहाच्या बाबतीत आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचे १९८८ चे मार्गदर्शन आहे. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकाराच्या आधारे घटस्फोट मागता येतो आणि तेथे स्किझोफ्रेनियाचे नावही आहे. पण न्यायालयाने सांगितले की, केवळ आजाराचे नाव चिकटले म्हणून घटस्फोट मिळत नाही. विकार किती तीव्र आहे आणि त्याच्यासह संसार करणे शक्य आहे की नाही, हे पाहावे लागते. खुद्द रोग्याच्या बाबतीत कायदा इतका जपून बोलतो. मग रोग्याच्या बहिणीला नकार देणाऱ्यांनी कोणत्या कायद्याचा आधार घ्यायचा?

आता करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, वेळ दवडू नये. आजार उपचाराविना जितका रेंगाळतो, तितके पुढचे सावरणे जड जाते. पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे पहिले परिणामकारक औषध वापरात आले. त्यानंतर अनेक औषधे आली. पुष्कळ रोगी त्यांच्या आधाराने कामाला लागतात. औषध डॉक्टरांना न विचारता बंद करणे, हे आजार उलटण्याचे मोठे कारण आहे. ज्या घरात रोगी आहे, तेथील मुलांना भीती घालू नये. पण गांजापासून मात्र निक्षून दूर ठेवावे, आणि झोप उडाली, मुलगा एकलकोंडा झाला, विनाकारण संशय घेऊ लागला, तर लगेच दाखवावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६.

दुसरी गोष्ट, घरातली भाषा. सतत टोचून बोलणे, टीका करणे, ह्याने आजार उलटण्याचा संभव वाढतो, हे अनेक देशांत तपासून पाहिले गेले आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असली की जीभ घसरते, हे आम्ही जाणतो. तरीही “आळशी” ऐवजी “आजारी” हा शब्द वापरला, तर त्याला पैसा पडत नाही.

तिसरी गोष्ट, हक्क. कामगार राज्य विमा योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे. अटी पुऱ्या करणाऱ्या विमेदार कामगाराला त्यात वेतनाच्या ८० टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत आजारपणाचा लाभ मिळू शकतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही. आणि मानसिक आजार त्या कायद्याच्या यादीत आहे. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरण्यास सांगितले आहे. खाजगी कारखान्यांत हे संरक्षण इतके भक्कम नाही. तेथे युनियनने उभे राहिले पाहिजे. पण कामगार आजारच लपवील, तर युनियन तरी लढणार कशी?

लपवण्याचे थांबवले, तर काय घडू शकते, ह्याचे उदाहरण आपल्या मराठी माणसानेच घालून दिले आहे. डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांनी तो दडवला नाही. पुण्यात १९९७ साली रोगी व त्यांची कुटुंबे ह्यांच्यासाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट त्यांनीच पाठबळ देऊन काढला. अतुल कुलकर्णी ह्यांनी त्यात रोग्याची भूमिका केली. ज्या विषयावर घरात बोलत नसत, तो विषय पडद्यावर आला आणि लोकांनी तो सहकुटुंब पाहिला.

तेव्हा, बंधुभगिनींनो, कचेरीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. श्वेतद्रव्यातील फरक खरा आहे. तो हजारो माणसांच्या सरासरीत दिसतो. एका माणसाचे भविष्य त्यात वाचता येत नाही, आणि एका घराचे तर मुळीच नाही. लग्नाआधी एम.आर.आय. मागू नका, आणि कोणी मागितला तर देऊ नका. घरात मधुमेह आहे हे आपण जितक्या सहज सांगतो, तितक्या सहज हा आजार सांगता येऊ लागेल, त्या दिवशी चारांतील जे तीन रोगी उपचाराविना राहतात, त्यांतला एखादा तरी डॉक्टरांच्या दारात पोचेल. उद्या आपल्याच चाळीत कोणी कोपऱ्यात बसू लागला, तर त्याच्याविषयी बोलण्याआधी त्याच्याशी बोला. ठाण्याला त्याच्याबरोबर जाणारा एक शेजारी मिळाला, तरी त्याचा अर्धा प्रवास सोपा होतो.